फक्त काळ्या फरशांवरून

आमच्याकडे कालवं म्हणजे श्रीमंती नव्हे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यावरूनच आहे. रत्नागिरीला माझ्या आजोळी ओहोटी लागली की बायका खडकांवर जायच्या, हातात छोटी कोयती, डोक्याला फडकं, आणि खडकाला घट्ट चिकटलेलं एकेक कालव फोडून आतला गर डब्यात काढायच्या, दोन-अडीच तास कमरेत वाकून, बोटं कापून घेत. मग दारोदार वाट्यावर विकायच्या. आजी नारळाचं वाटण लावून त्याची आमटी करायची आणि मासळी महाग झाली की, "आज कालवांवर भागवू," म्हणायची. त्यामुळे पुढे मुंबईत नोकरीला लागल्यावर एका हॉटेलात बर्फाच्या ताटलीत अर्ध्या शिंपलीवर ठेवलेलं तेच कालव आणि शेजारी लिंबाची फोड बघितली, खाली किंमत वाचली, तेव्हा मला त्या खडकावरच्या बायकांना फोन करून सांगावंसं वाटलं होतं, पण फोन कुणाकडे होता त्यांच्यातल्या.

तर मागे एकदा रात्री झोप येत नव्हती म्हणून लॅपटॉपवर काहीतरी शोधताना एक मूकपट सापडला, जर्मन, १९१९ चा, नाव ‘दी ऑस्टर्नप्रिंत्सेसिन’. म्हणजे ऑयस्टर प्रिन्सेस. म्हणजे आमच्या भाषेत कालवांची राजकन्या. मला त्या शीर्षकाचंच इतकं हसू आलं की पुढचा तासभर मी तो बघितला, जेमतेम तासाभराचाच आहे, आणि तेव्हापासून चार-पाच वेळा तरी बघितलाय. पहिल्यांदा तर प्रिंट खराब, त्यावर कुणीतरी भलतंच रडकं पियानो चिकटवलेलं, शेवटी मी आवाज बंद केला. आवाज बंद करून मूकपट बघणं म्हणजे काय ते लक्षात यायला मला पाच मिनिटं लागली. स्वयंपाकघरात सकाळचे छोले उकडायला लावले होते (झोप येत नसली की मी असली कामं काढते) आणि सिनेमात लग्नातला बँडमास्तर हात वर करतो नेमक्या त्या क्षणी कुकरची शिट्टी झाली. इतकं परफेक्ट पार्श्वसंगीत त्या सिनेमाला शंभर वर्षांत मिळालं नसेल.

गोष्ट काय आहे, तर अमेरिकेतले ऑयस्टर किंग मिस्टर क्वेकर आणि त्यांची एकुलती एक मुलगी ऑसी. किंग म्हणजे राजे नव्हेत, व्यापारी. पण राहणी अशी की सुरुवातीच्या दृश्यात हे गृहस्थ ऑफिसात मजकूर सांगताहेत, समोर टायपिस्ट मुलींच्या रांगाच्या रांगा, आणि यांच्या तोंडातला हा भलामोठा सिगार धरायला वेगळा नोकर, कॉफीचा कप ओठाला लावायला वेगळा, केस विंचरायला वेगळा, नाक पुसायला वेगळा. माणसाने स्वतःच्या हाताने काहीच करायचं नाही. हे नोकर काळे आहेत, एकसारखा युनिफॉर्म घालून उभे, आणि त्यांना कॅमेरा माणूस म्हणून बघतच नाही, फर्निचर म्हणून बघतो. दर वेळी तिथे माझं हसू अर्धवट राहतं. ‘त्या काळी तसंच होतं’ म्हणून मी ते सोडून देऊ शकत नाही आणि म्हणून सिनेमा बंदही करत नाही, तसंच अवघडून पुढे बघते.

मग बातमी येते की मुलगी वरती थैमान घालतेय. का, तर पेपरात छापून आलंय की बूट पॉलिशवाल्या किंगच्या मुलीने एका काउंटशी लग्न केलं. बूट पॉलिशवालीला काउंट आणि कालवंवालीला कुणीच नाही! बाप जिना चढून जातो तेव्हा ती त्याच्यावर वर्तमानपत्रं फेकतेय. पेपर का फेकतेस विचारलं तर म्हणते, फुलदाण्या सगळ्या फोडून झाल्या म्हणून. बाप शांतपणे म्हणतो, मी तुला प्रिन्स विकत घेऊन देतो. झालं, तीच पोरगी बापाचे मुके घेतेय आणि आता आनंदाने घर फोडावंसं वाटतंय म्हणतेय. बापाचं एक पालुपद आहे, समोर काहीही घडो, सिगार चघळत म्हणायचं, याचं मला काही विशेष वाटत नाही. ते लक्षात ठेवा.

आता हे नुसतं फार्स म्हणून बघितलं तरी चालतं, मी पहिल्यांदा तसंच बघितलं. पण नंतर साल खुपायला लागलं. जून १९१९ मध्ये हा बर्लिनला लागला आणि व्हर्सायच्या तहावर सही झाली ती त्याच महिन्याच्या २८ तारखेला. म्हणजे थिएटरात बसलेला माणूस पहिलं महायुद्ध हरलेला माणूस होता. बरं, नुसता हरलेला नाही, उपाशी. १९१६-१७ च्या हिवाळ्यात बटाट्याचं पीक गेलं आणि जर्मनीत लोकांनी सलगमच्या जातीचा, एरवी गुरांना घालतात तो कंद खाऊन दिवस काढले, त्या हिवाळ्याला नावच सलगमचा हिवाळा पडलं. युद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबलं पण दोस्त राष्ट्रांची सागरी नाकेबंदी जुलै १९१९ पर्यंत उठली नव्हती. जानेवारीत बर्लिनच्या रस्त्यावर गोळीबार होऊन गेलेला. आणि या लोकांसमोर एर्न्स्ट लुबिच नावाचा २७ वर्षांचा दिग्दर्शक काय ठेवतो, तर एक अशी पंगत जिथे प्रत्येक पाहुण्याच्या पाठीमागे वाढप्यांची फौज उभी आहे, एका इशाऱ्यावर सगळे एकदम पुढे येतात, एकदम वाढतात, एकदम मागे सरतात. आमच्याकडच्या मोठमोठ्या लग्नात बुफेच्या रांगेत ताटली घेऊन उभं राहायला लागतं त्याची आठवण होऊन मला तर रडूच आलं. त्या पोटात काही नसलेल्या बर्लिनकरांना काय वाटलं असेल? राग? की तोंडाला पाणी? मला वाटतं दोन्ही, आणि म्हणूनच हसले असतील.

कालवांची पण गंमत आहे. अमेरिकेतसुद्धा ती कायम श्रीमंतांचं खाणं नव्हती. न्यूयॉर्कला १९ व्या शतकात कालवं रस्त्यावर गाडीवर मिळायची, गरीब मजूर खायचे, त्या बंदराच्या उथळ पाण्यात ती ढिगाने होती. मग उपसून उपसून आणि गटारं सोडून सोडून ती संपत आली, १९२७ मध्ये शहराने तिथली शेवटची कालवांची वाडीसुद्धा बंद केली. संपत आलेली गोष्ट महाग होते आणि महाग झाली की राजेशाही होते. हे रत्नागिरीच्या माणसाला हापूसवरून वेगळं सांगायला नको.

प्रिन्सकडे येऊ. कारण श्रीमंत मुलीच्या गोष्टीत खरी मजा स्थळ बघण्यात असते. मध्यस्थ येतो, झेलिगझोन नावाचा, खिशात स्थळांची यादी, अगदी आपल्याकडचे वधूवरसूचकवाले असतात तसा, फक्त पत्रिका बघत नाही एवढंच. तो प्रिन्स नुकी सुचवतो. हा प्रिन्स एका फडतूस खोलीत त्याच्या जोसेफ नावाच्या मित्राबरोबर राहतो, मित्र म्हणा, नोकर म्हणा, पगार मिळत असेल असं काही दिसत नाही. प्रिन्स स्वतःचे मोजे स्वतः धुऊन खोलीत दोरीवर वाळत घालतो. मध्यस्थ आलाय कळल्यावर दोघांची जी धावपळ उडते ना, धुणं लपव, खुर्चीचं सिंहासन कर, प्रिन्सला त्यावर बसव, ते बघताना मला आमच्या चाळीतल्या खोलीत ‘बघायला’ येणार म्हटल्यावर पलंगाखाली काय काय सरकवलं होतं ते आठवलं.

आणि हाही विनोद हवेतला नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, हॉलंडला पळाला, त्याच्या आगेमागे बव्हेरिया, सॅक्सनी वगैरेचे राजेही गेले, एकेकाळचे हिज हायनेस एका आठवड्यात माजी झाले. सिनेमा लागल्यावर दोन महिन्यांनी जर्मनीची नवी राज्यघटना आली आणि तिने सांगून टाकलं की सरदारकीच्या पदव्या यापुढे नुसत्या नावाचा भाग. प्रिन्स म्हणजे आडनावासारखं काहीतरी. तिकडे अमेरिकेत पैसा होता आणि नाव नव्हतं. तो बाजार तर आधीपासूनच चालू होता, १८९५ मध्ये कॉन्सुएलो व्हॅंडरबिल्ट या रेल्वेवाल्यांच्या मुलीचं इंग्लंडच्या ड्यूक ऑफ मार्लबरोशी लग्न लावलं, २५ लाख डॉलरचे रेल्वेचे शेअर्स देऊन, मुलीचं मन दुसऱ्यावर असताना, आईच्या हट्टापायी. तिला डॉलर प्रिन्सेस म्हणायचे. लुबिचने एवढंच केलं की आईबापाचा हट्ट काढून टाकला आणि तो सगळा मुलीला दिला. इथे विकत घ्यायची घाई पोरीलाच आहे.

नुकी स्वतः जात नाही, जोसेफला पाठवतो, जाऊन बघून ये कशी आहे. जोसेफ प्रिन्सचं कार्ड घेऊन जातो, आणि कार्ड बघून तिथले लोक त्यालाच प्रिन्स समजतात. आपल्याकडे याला सरळ शब्द आहे, तोतया. फक्त हा तोतया बंडबिंड काही करत नाही, त्याला नुसतं बसायला सांगतात.

इथे मी येते.

म्हणजे इथे सिनेमात जे होतं ते असं. ऑसीबाईंची आंघोळ चाललीय. आंघोळ म्हणजे दासींचा ताफाच्या ताफा, उचलून नेणं, चोळणं, सुगंध, मालिश, सगळं शिस्तीत, कारखान्यासारखं. तोपर्यंत जोसेफने खाली हॉलमध्ये थांबायचं. प्रचंड हॉल, वरपासून खालपर्यंत चकाचक, जमिनीवर गुंतागुंतीची नक्षी. तो थांबतो. अजून थांबतो. उभा राहून झालं, बसून झालं. मग त्या नक्षीच्या रेषेवर पाय ठेवतो आणि तिच्यावरून चालायला लागतो. रेष वळली की हा वळतो, रेष गोल फिरली की हा स्वतःभोवती फिरतो, पावलं बारीक, अंग ताठ, हॅट हातात. कॅमेरा लांबून बघतो, एवढासा माणूस आणि एवढी मोठी नक्षी. ज्युलियस फाल्केनस्टाइन नावाचा नट आहे, टक्कल, लांबुडका चेहरा, आणि चेहऱ्यावर तो काही म्हणजे काही करत नाही.

मी सातवीत होते तेव्हा आई ब्लाउज शिवायची. म्हणजे आधी आणि नंतरही शिवायचीच, पण सातवीत मला डिलिव्हरीचं काम लागलं. शाळेतून आलं की पिशवी घ्यायची आणि वरच्या आळीत एक बंगला होता तिथे जायचं. नाव नको. आंब्याचे मोठे व्यापारी. दार उघडलं की आत हॉल, आणि त्या हॉलला काळ्या-पांढऱ्या फरशा, बुद्धिबळाच्या पटासारख्या, इतक्या गुळगुळीत की आपला पाय खाली दिसायचा. मोलकरीण सांगायची, "थांब गो जरा, काकू येतायत." काकू वर असायच्या. पूजा, आंघोळ, फोन, झोप, काहीही. कधी वीस मिनिटं, कधी तास. खुर्च्या होत्या, पण बस असं कुणी म्हणायचं नाही आणि न सांगता बसायचं नाही हे मला कुणीही न शिकवता माहीत होतं. मग मी चपला बाहेर काढलेल्या पायांनी फक्त काळ्या फरशांवरून चालायचे. तिरकं तिरकं. एकदा भिंतीपर्यंत, परत दारापर्यंत. पांढऱ्यावर अंगठा जरी लागला तरी पहिल्यापासून. मनात असं धरायचं की सात फेऱ्या न चुकता झाल्या की काकू येणार. यायच्या नाहीत. मग अकरा.

हे मी कुणालाही कधीही सांगितलेलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे. आणि रात्री दीड वाजता १९१९ सालचा एक टकला जर्मन माणूस माझ्यासमोर तेच करत होता.

नंतर वाचलं की लुबिचला स्वतःलाही तो प्रसंग शेवटपर्यंत लक्षात होता. १९४७ मध्ये, मरायच्या काही महिने आधी, एका अभ्यासकाला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या जुन्या सिनेमांबद्दल लिहिलंय आणि त्यात म्हटलंय की ज्यात माझी काहीएक ठरलेली शैली दिसली असा माझा पहिला विनोदी सिनेमा हाच, आणि मग तो नेमकं या नक्षीवरून चालण्याबद्दल सांगतो, की गरीब माणूस आपली घालमेल आणि अपमान विसरायला तसा चालतो, आणि इथे मी पहिल्यांदा विनोदाकडून उपहासाकडे वळलो. अपमान हा शब्द त्याने वापरलाय. मी वाचून थोडा वेळ गप्पच बसले, कारण मला तो त्या वयात अपमान वाटलाच नव्हता, खेळ वाटला होता. का खेळ होता म्हणूनच वाटला नाही, काय माहीत.

आणि लुबिचला हे ठाऊक असणारच. बर्लिनमधला ज्यू शिंप्याचा मुलगा. वडिलांचा बायकांचे कोट शिवायचा धंदा होता, हा दिवसा दुकानाचा हिशोब बघायचा आणि रात्री नाटकात कामं करायचा. कोट शिवून झाला की तो कुणीतरी नेऊन द्यायचा असतोच ना? त्याने कधी नेऊन दिला का, कुठल्या हॉलमध्ये थांबला का, असं काही मी वाचलेलं नाही, हा माझा आपला अंदाज आहे. पण शिवणाऱ्यांच्या घरातल्या पोरांना मोठ्या घरातली जमीन फार नीट पाठ असते. मान खाली असते ना.

बंगल्यात एक मुलगी पण होती. माझ्याच वयाची, पुण्याला शिकायला, सुट्टीत यायची. एकदा मी माझ्या काळ्या फरशांवर असताना ती जिन्यात येऊन उभी राहिली. मला वाटलं आता ओरडणार. तर म्हणाली, "असं नाही, पांढऱ्यावर उभं राहून काळ्यावर उडी मारायची, आणि दोन्ही पायांनी." आणि स्वतः उतरून उड्या मारायला लागली, धाडधाड, वरून काकू ओरडल्या तरी थांबेना. माझा खेळ तिने दोन मिनिटांत ताब्यात घेतला आणि नियम बदलून टाकले. मला राग आला होता पण मजापण आली होती. तिला आवाजाची भीती नव्हती हे मला फार नवीन होतं.

म्हणून असेल, ऑसी मला पहिल्या वेळी नुसती लाडावलेली कार्टी वाटली आणि नंतर नंतर आवडायला लागली. ऑसी ओस्वाल्डा, तिला तेव्हा जर्मनीची मेरी पिकफर्ड म्हणायचे, मेरी म्हणजे त्या काळची अमेरिकन सिनेमातली लाडकी नटी, पण मेरी पिकफर्डचं गोड गोजिरेपण हिच्यात औषधालाही नाही. नाक वर, केस विस्कटलेले, चालताना दारं आपोआप उघडतील असं गृहीत धरलेलं. तिला लग्नाआधी बाळाला कसं आंघोळ घालायची, पावडर लावायची ते बाहुलीवर शिकवतात, आणि ती त्या बाहुलीला अशी काही हाताळते की बाई कपाळाला हात लावतात. तोतया प्रिन्स आवडलाय न आवडलाय याचा तिला पत्ताच नाही, आणायला सांगितलेला माल आलाय, चला. त्याला ओढतच नेते, गाडीत घालते, पाद्रीबुवा खिडकीतूनच लग्न लावून टाकतात. आपल्याकडे निदान अंतरपाट तरी असतो, तिथे खिडकीची चौकट. आणि लग्न लागतं ते नुकीच्या नावाने, कारण कार्ड नुकीचं. रात्री नवरा त्याच्या खोलीत, बायको आपल्या.

याच्या आदल्या वर्षी, १९१८ मध्ये, हीच ऑसी लुबिचच्याच एका सिनेमात पुरुषाचे कपडे घालून रात्रभर हिंडून आली होती. आणि इकडे १९१९ मध्येच नाशिकला दादासाहेब फाळके ‘कालिया मर्दन’ करत होते, त्यात कृष्ण कोण, तर त्यांची स्वतःची सहा-सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. सहा वर्षांपूर्वी ‘राजा हरिश्चंद्र’ला तारामती करायला एक बाई मिळाली नव्हती, साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवावं लागलं होतं, आणि आता एक पोरगी फेटेवाल्या प्रेक्षकांसमोर खुशाल कृष्ण होऊन खोड्या काढत होती. सुरुवातीलाच तिचे नुसते हावभाव दाखवलेत, हसणं, रुसणं, रागावणं, एकामागून एक. मी दोन्ही सिनेमे एका आठवड्यात बघितले होते आणि मला ऑसीच्या आणि मंदाकिनीच्या चेहऱ्यावर तोच एक ‘बघा बघा, करतेच आता’वाला भाव दिसला. दोन्हींच्या मध्ये काही संबंध नाही. बर्लिनला नाशिक माहीत नव्हतं आणि नाशिकला ऑसी. तरी दिसला.

आता नाच. पंगतीनंतर एकदम पाटी येते की लग्नात फॉक्सट्रॉटची, म्हणजे जोडीने करायच्या एका नाचाची, साथ पसरली. साथ, एपिडेमिक, हाच शब्द. आणि मग खरोखर साथ पसरल्यासारखं पाहुणे नाचतात, जिन्यावर नाचतात, वाढपी नाचतात, स्वयंपाकघरात आचारी नाचतात, पाय, पाय, पाय, पडदा भरून पाय. बँडमध्ये एक जण करवत चालवतोय, एकाच्या थोबाडीत मारून ताल धरलाय. तो बँडमास्तर अख्खं अंग आणि विशेषतः पार्श्वभाग हलवून जे काही करतो ते शब्दात सांगण्यात अर्थ नाही.

साथ म्हटल्यावर १९१९ मध्ये लोकांना काय आठवत असेल? वर्षभरात इन्फ्लुएंझाने घरटी माणसं नेली होती, आपल्याकडे मुंबईत सुद्धा, आमच्या पणजीच्या दोन जावा त्यातच गेल्या असं आजी सांगायची. आणि दुसरी साथ खरोखर नाचाचीच होती. युद्धाच्या काळात जर्मनीत सार्वजनिक नाचाला बंदी होती, ती १९१८ च्या शेवटच्या रात्री उठली आणि बर्लिन जे नाचत सुटलं ते थांबेना, इतकं की १९१९ मध्ये भिंतींवर पोस्टर लागलं, बर्लिन, थांब, भानावर ये, तुझ्याबरोबर नाचतोय तो मृत्यू आहे. सांगाड्याच्या मिठीत नाचणारी बाई त्यावर काढलेली. सरकारी धाटणीचे लोक असं पोस्टर लावतात तेव्हा लुबिच काय करतो, तर अख्ख्या लग्नाला नाचायला लावतो आणि त्यात आचाऱ्यांनाही घेतो. कोविडच्या पहिल्या लाटेनंतर आमच्या सोसायटीत गणपतीला मास्क लावून बायका जशा नाचल्या होत्या तसं मी त्या बायकांना त्याआधी आणि त्यानंतर कधी नाचताना बघितलं नाही, त्यामुळे मला ते दृश्य नुसतं विनोदी वाटत नाही.

पण या सगळ्या नाचात जोसेफ काय करतोय? जोसेफ जेवतोय. नवरदेव आहे, शेजारी बायको आहे, तिच्याकडे ढुंकून बघत नाही. खातोय, पितोय, परत खातोय. इतक्या दिवसांनी मिळालंय.

पुढची गोष्ट पटकन सांगते कारण सिनेमाही तिथे पटकनच उरकतो. खरा नुकी मित्रांबरोबर पिऊन तर्र, आणि सकाळी तो येऊन पडतो नेमका कुठे, तर अब्जाधीशांच्या मुलींच्या दारूबंदी मंडळात. हो, असं मंडळ आहे, ऑसी त्यात आहे. एवढा देखणा दारुडा बघून सगळ्या मुलींना त्याचा उद्धार स्वतःच करायचाय, मग रीतसर बॉक्सिंग होतं, मुली एकमेकींना ठोसे मारतात, ऑसी जिंकते. तिचं त्याच्यावर प्रेम बसतं, त्याचं तिच्यावर, आणि दोघं रडवेली, कारण तिचं तर लग्न झालंय. तेवढ्यात जोसेफ येतो, बघतो, आणि हसत सुटतो. अरे, मी तुझ्याच नावाने लग्न केलंय, तुम्ही नवराबायकोच आहात. सुटलं. शेवटी बापमहाशय मुलीच्या खोलीच्या किल्लीच्या भोकातून आत डोकावतात आणि सिनेमाभर कशाचंच काही न वाटलेला तो माणूस पहिल्यांदा कबूल करतो की आता मात्र वाटलं.

पडद्यावर मौजेत नाचलेल्या या लोकांचं पुढे काय झालं ते शोधायला जाऊ नये, पण मी गेले. लुबिच १९२२ च्या शेवटी अमेरिकेला गेला, हॉलिवूडमध्ये फार मोठा झाला, १९३५ मध्ये नाझींनी त्याचं जर्मन नागरिकत्व काढून घेतलं. नुकी झालेला देखणा हॅरी लिड्टके १९४५ च्या एप्रिलमध्ये, दुसरं महायुद्ध युरोपात संपायला आठ-दहा दिवस असताना, रशियन सैनिकांच्या हातून मेला. ऑसीचं बोलपटात काही जमलं नाही, १९४० च्या दशकाच्या शेवटी ती प्रागमध्ये गरिबीत गेली. कालवांची राजकन्या. तो पार्श्वभाग हलवणारा बँडमास्तर कुर्ट बोइस मात्र चिवट निघाला, ज्यू म्हणून देश सोडावा लागला, अमेरिकेत जाऊन ‘कासाब्लांका’मध्ये पाकीटमार झाला, १९५० मध्ये बर्लिनला परत आला, आणि १९८७ च्या ‘विंग्ज ऑफ डिझायर’मध्ये बर्लिनच्या भिंतीजवळच्या ओसाड मैदानात आपलं जुनं शहर शोधत फिरणारा म्हातारा तोच आहे. तो सिनेमा मी कॉलेजात बघितला होता. हा म्हातारा एकेकाळी तसा नाचला होता हे माहीत नव्हतं, नाहीतर मी वेगळ्या डोळ्यांनी बघितला असता.

दिवाळीत आई आली होती तेव्हा तिला लावून दिला, आता चांगली प्रिंट मिळते, ठेका धरायला लावणाऱ्या संगीतासकट. पाट्या मी वाचून मराठीत सांगत होते. आईचं आपलं वेगळंच. ऑसी पहिल्यांदा दिसली तशी म्हणाली, "हिचं पाठीत बसलं नाहीये बघ, गळा उतरतोय." पंगतीत म्हणाली, "एवढे वाढपी आणि वाढतायत किती थोडं." जोसेफ नक्षीवरून चालायला लागला तेव्हा मी मुद्दाम तिच्याकडे बघितलं नाही. काही बोलली नाही. सिनेमा संपल्यावर चहा घेताना विचारलं, "त्या टकल्याला पैसे मिळाले का शेवटी?"

म्हटलं, ते दाखवलं नाही गं.

"जेवला ना पण पोटभर," म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुला त्या बंगल्यात का पाठवायचे ठाऊक आहे का? मी गेले की उद्या ये म्हणायच्या. पोरगी येऊन उभी राहिली, तासभर हॉलमध्ये इकडून तिकडे करत राहिली की त्यांना बघवायचं नाही, देऊन टाकायच्या."

मी कप खाली ठेवला. तिने बिस्कीट चहात बुडवून खाल्लं, हात झटकले आणि म्हणाली, "ते नाचाचं परत लाव."